ताप उतरल्यानंतर



ज्या सरांच्या स्मरणार्थ हैदराबादच्या विद्यानगर परिसरातले आपण मराठी लोक दरवर्षी इथे जमतो, त्यांना भाषणात लांबलेली प्रस्तावना चालत नसे. तेव्हा थेट विषयाकडे येतो. विषय जाहीर झाल्यावर संयोजकांकडे विचारणा झाली म्हणे, की डॉक्टर ज्या रोगावर बोलणार आहेत तो आपल्याकडे होतच नाही, मग व्याख्यान कशाला? डेंग्यूवर बोला, मधुमेहावर बोला.

विचारणा रास्त आहे. गोचीड चावल्याने अंगात शिरणाऱ्या जंतूचा हा लाइम रोग आपल्याकडे तुरळक आहे. हिमालयाच्या पट्ट्यातून, ईशान्येकडून, केरळातल्या वायनाडमधून अधूनमधून रुग्णांची नोंद होते. नागरहोळे आणि बांदीपूरच्या जंगलपट्ट्यातल्या लोकांच्या रक्तात या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्याचे अहवाल आहेत. हैदराबाद शहरात बसून मात्र तुम्हाला हा रोग होण्याची शक्यता नगण्य. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याच्या कानावर जी गोचीड दिसते, ती ही नव्हे. त्या बाबतीत आज रात्री निर्धास्त झोपा.

पण मला एक सांगा, या सभागृहात असे किती जण आहेत ज्यांची मुलगी किंवा मुलगा न्यू जर्सीत, कनेक्टिकटमध्ये, पेनसिल्व्हेनियात, मॅसॅच्युसेट्समध्ये आहे? हात वर करू नका, मला दिसतंय. त्यातले किती जण एप्रिल-मे गाठून सहा महिन्यांसाठी नातवंडं सांभाळायला तिकडे जातात? घरामागे गवत, गवतापलीकडे झाडी, झाडीत हरणं. आपल्याला किती कौतुक, अंगणात हरीण येतं म्हणून! लाइमचं माहेर तेच आहे. अमेरिकेत दरवर्षी सुमारे 4 लाख 76 हजार लोकांचं या रोगाचं निदान होऊन त्यांना औषध दिलं जातं, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. विद्यानगरचे आजी-आजोबा नेमके उन्हाळ्यात, नेमके त्याच गवतात फिरायला जातात.

हे झालं एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताप उतरला, रिपोर्ट चांगले आले, आणि माणूस मात्र पूर्वीसारखा राहिला नाही, असं जेव्हा होतं तेव्हा वैद्यकाने काय करावं, या प्रश्नाची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कडाक्याची लढाई या एका रोगाच्या मैदानावर झाली आहे. हा प्रश्न आपलाही आहे. फक्त आपल्याकडे रोगाची नावं वेगळी आहेत.

तर आधी रोगाची हकीगत.

1975 साल. कनेक्टिकट राज्यात ओल्ड लाइम, लाइम, ईस्ट हॅडम ही शेजारची गावं. तिथल्या दोन आयांनी आरोग्य खात्याकडे आणि येल विद्यापीठाकडे तक्रार केली, की आमच्या भागात इतक्या मुलांचे गुडघे एकाच वेळी कसे सुजतात? लहान मुलांचा संधिवात हा दुर्मीळ रोग, आणि इथे तो शेजारपाजारी सापडत होता. त्यातल्या एका आईचं नाव पॉली मरे. स्वतः चित्रकार. तिची आणि तिच्या घरच्यांची दुखणी कित्येक वर्षं चालू होती: पुरळ, सांधे, डोकेदुखी, थकवा. ती डॉक्टरांकडे जायची, तपासण्या व्हायच्या, आणि हे सगळं मनाचं आहे असं तिला सुचवलं जायचं. बाई हट्टी. तिने वही ठेवली. कोणाला कधी काय झालं, लिहून ठेवलं. ती वही नसती तर येलचे तरुण डॉक्टर अॅलन स्टीर यांच्यापुढे काय ठेवलं असतं? स्टीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 मध्ये जे 51 रुग्ण जगापुढे मांडले, त्यांत 39 मुलं होती.

जंतू सापडायला आणखी काही वर्षं लागली. विली बर्गडॉर्फर हे मोंटानाच्या प्रयोगशाळेतले गोचिडींचे जाणकार. 1981 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर बेटावरून आलेल्या गोचिडी ते कापून पाहत होते, शोध वेगळ्याच रोगाचा चालला होता, आणि गोचिडीच्या आतड्यात त्यांना लांब, मळसूत्री, वळवळणारे जंतू दिसले. त्या जंतूला पुढे त्यांचंच नाव मिळालं: बोरेलिया बर्गडॉर्फेरी. हा जंतू राहतो रानातल्या उंदरांत. हरणांवर मोठ्या गोचिडी पोसल्या जातात. माणसाला बहुतेक वेळा चावतं ते गोचिडीचं पिल्लू, खसखशीच्या दाण्याएवढं. दुखत नाही, खाजत नाही. काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, केसांच्या मुळाशी जाऊन बसतं. जंतू अंगात उतरायला सहसा दिवस-दीड दिवस लागतो. म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर अंग तपासणं ही निम्मी लढाई आहे.

सापडली तर काय करायचं? बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरायची आणि सरळ वर ओढायची. आपल्याकडे गुरांच्या गोचिडीवर रॉकेल लावायची सवय आहे. काडी पेटवून चटका देणारेही पाहिले आहेत. यातलं काही करू नका. अमेरिकेत असाल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारा; योग्य परिस्थितीत डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा एकच डोस पुरतो. नंतर पाच-दहा दिवसांनी चाव्याच्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, तर रक्ताच्या अहवालाची वाट पाहायची नाही. पहिल्या आठवड्यांत रक्त बहुधा काहीच बोलत नाही. चट्टा हेच निदान.

आता मज्जासंस्थेकडे वळू. माझा मूळ प्रांत तो.

अमेरिकेने लाइमला सांध्यांचा रोग म्हणून ओळखलं. युरोपने मात्र त्याला फार आधी नसांचा रोग म्हणून पाहिलं होतं. 1922 मध्ये फ्रान्समधल्या गारँ आणि बुजादू या डॉक्टरांनी गोचीड चावल्यानंतर नसांच्या मुळांना सूज येऊन असह्य वेदना झालेला रुग्ण नोंदवला. त्यानंतरही युरोपातल्या डॉक्टरांना असे रुग्ण भेटत राहिले. रात्री वाढणारी, पाठीतून पायात किंवा खांद्यातून हातात उतरणारी कळ. मेंदूच्या आवरणाला सूज. आणि सर्वांत ठळक म्हणजे चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं. उपचार झाला नाही तर दहा-पंधरा टक्के रुग्णांत मज्जासंस्थेवर असा परिणाम होतो.

चेहरा वाकडा झाला की आपल्या घरात काय होतं? पक्षाघात म्हणून रडारड. तीच गोष्ट माझ्या परिचयातल्या एका आजोबांच्या बाबतीत झाली. न्यू जर्सीहून परतले, पंधरा दिवसांनी आरशात पाहतात तर तोंड एका बाजूला. हैदराबादेत मेंदूचा स्कॅन झाला, स्वच्छ निघाला. ‘बेल्स पाल्सी’ असा शिक्का बसला. तिकडे बागेत फिरताना उठलेल्या चट्ट्याची आठवण सुनेला फोनवर झाली, तीही योगायोगाने. औषध दिलं, चेहरा बऱ्यापैकी सुधारला. डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणत नाही. लाइम मनात यायला प्रवास विचारावा लागतो, आणि बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसं रांगेत असताना प्रवास कोण विचारतो?

आता एक आडवाट घेतो. सरांना आवडली असती.

लाइमचा जंतू ज्या मळसूत्री कुळातला, त्याच कुळातला दुसरा जंतू म्हणजे सिफिलिसचा. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत एक मोठा हिस्सा अशा माणसांचा असे, जी चाळिशीपर्यंत धडधाकट, संसारी, नोकरीपेशातली. आणि मग एकाएकी बढाया मारू लागत, उधळपट्टी करत, विसरत, अडखळत बोलत, लुळी पडत आणि काही वर्षांत मरत. कोणी याला व्यसनाचं फळ म्हणे, कोणी अतिविचाराचं, कोणी दुबळ्या स्वभावाचं. 1913 मध्ये हिदेयो नोगुची आणि मूर यांनी अशा मृतांच्या मेंदूत सिफिलिसचा जंतू प्रत्यक्ष दाखवला. स्वभावाचा दोष म्हणून ज्याची नालस्ती झाली, तो मेंदूचा संसर्ग निघाला. जंतू अंगात शिरल्यानंतर दहा-वीस वर्षांनी डोकं वर काढणारा.

उपाय? पेनिसिलिन यायचं होतं. 1917 मध्ये व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ यूलियस वाग्नर-याउरेग यांनी या रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला. मलेरियाचं रक्त टोचायचं, तापाचे झटके येऊ द्यायचे, मग क्विनाइनने मलेरिया उतरवायचा. काही रुग्ण त्या तापानेच दगावले. काही मात्र चालत घरी गेले. 1927 मध्ये या उपचाराला नोबेल मिळालं. आणि मलेरिया डासातून येतो हे कुठे कळलं? आपल्या बेगमपेटेत! 20 ऑगस्ट 1897, रोनाल्ड रॉस, सिकंदराबादचा ऑगस्टमधला उकाडा, आणि डासागणिक एक आणा घेऊन स्वतःला चावून घेणारा हुसेन खान. रॉसचं नाव आज इथून हाकेच्या अंतरावर नल्लाकुंट्याच्या फीवर हॉस्पिटलवर आहे, ज्याला जुनी माणसं अजून कोरंटी म्हणतात. तापाचा आणि मनाचा संबंध कळायला विद्यानगरवाल्यांना फार लांब जावं लागत नाही.

ही आडवाट मी घेतली, कारण सिफिलिसच्या त्या विजयाने वैद्यकात एक मोह कायमचा पेरला. प्रत्येक न समजणाऱ्या मनोविकाराखाली कुठेतरी एक जंतू लपलेला असेल, तो शोधून मारला की काम झालं, हा तो मोह. लाइमच्या बाबतीत हा मोह किती फळला आणि किती नडला, ते पाहू.

1990 मध्ये स्टीर यांच्याच चमूने 27 रुग्ण तपासले. लाइम होऊन गेलेले, आता मज्जासंस्थेच्या दीर्घ तक्रारी असलेले. त्यातल्या 24 जणांना मेंदूच्या कामात सौम्य बिघाड होता. सौम्य म्हणजे कसा? नावं आठवत नाहीत. वाचताना पानाच्या शेवटी आलं की वरचं गेलेलं असतं. बोलता बोलता शब्द सापडत नाही. झोप तुटते. चिडचिड होते, आणि ती झाल्यावर स्वतःचीच लाज वाटते. उदासी येते. यात काहीही स्कॅनवर ठसठशीत दिसेल असं नसतं. बँकेत काम करणाऱ्या बाईला आकड्यांची बेरीज पुन्हा पुन्हा करावी लागते. घरचे म्हणतात, वय झालं. ‘सौम्य’ हा शब्द डॉक्टरांच्या फायलीतला. ज्याची नोकरी डोक्यावर चालते त्याच्या घरात तो शब्द उच्चारून पाहा.

बहुसंख्य लोक औषधाने पूर्ण बरे होतात, हे मी पुन्हा सांगतो, नाहीतर उद्या तुम्ही मुलीला घाबरवून सोडाल. दोन-तीन आठवड्यांचं डॉक्सिसायक्लिन, आणि संपलं. पण काही जण मागे राहतात. 2022 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी वेळेवर आणि नीट उपचार झालेल्यांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. सुमारे 14 टक्क्यांना थकवा, अंगदुखी किंवा विचारांतला गोंधळ इतका राहिला की रोजचं जगणं अडलं. लाइम न झालेल्या तुलनेच्या गटात असे लोक 4 टक्के होते. दोन्ही आकडे सोबत ठेवा. पहिला आकडा सांगतो की ही माणसं ढोंग करत नाहीत. दुसरा सांगतो की थकलेल्या प्रत्येक माणसाचं दुखणं लाइम नव्हे.

मनाचं काय? यावर सर्वांत मोठा अभ्यास डेन्मार्कमधून आला, 2021 मध्ये. त्या देशात प्रत्येक नागरिकाची इस्पितळातली नोंद जन्मापासून एका क्रमांकाखाली असते. 1994 ते 2016 या काळातली जवळजवळ 70 लाख लोकांची नोंद चाळली. इस्पितळात लाइमचं निदान झालेले 12,616. त्यांच्यात मनोविकाराचं प्रमाण इतरांपेक्षा 28 टक्क्यांनी जास्त, आत्महत्येचे प्रयत्न दुप्पट, आत्महत्येने मृत्यू 75 टक्क्यांनी जास्त. मूळ धोका लहान असतो, त्यामुळे वाढ होऊनही बहुतेकांना काही होत नाही, आणि हा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. पण आत्महत्येच्या बाबतीत लहान आकड्यालाही मी लहान म्हणणार नाही.

मग हे होतं कशाने? एक शक्यता अशी, की थोडे जंतू जिवंत राहतात. दुसरी, जंतू मेले तरी त्यांच्या पेशीभित्तीचे तुकडे शरीरात पडून राहतात आणि सूज धगधगत ठेवतात. सांध्यातल्या पाण्यात असे तुकडे सापडले आहेत. तिसरी, प्रतिकारशक्ती एकदा चेतली ती शांत होत नाही. चौथी, नस जखमी झाली ती झालीच. आणि पाचवी, जी रुग्णांना ऐकायला आवडत नाही आणि तरी खरी असू शकते: दीर्घ दुखणं, अपुरी झोप, सुटलेलं काम आणि घरच्यांचा अविश्वास यांतून नैराश्य येतं, आणि ते नैराश्य पुन्हा दुखणं वाढवतं. वेगवेगळ्या रुग्णांत यांपैकी वेगवेगळं खरं असावं, असं माझं मत.

पहिली शक्यता तपासायला सरळ मार्ग होता. जंतू उरले असतील तर आणखी प्रतिजैविक द्या, बरं वाटेल. दिलं. 2001 मध्ये अमेरिकन संशोधक क्लेम्पनर यांच्या चाचण्यांत एक महिना शिरेतून आणि दोन महिने तोंडाने औषध दिलं. खोट्या औषधापेक्षा फायदा नाही. 2008 मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ ब्रायन फॅलन यांनी दहा आठवडे शिरेतून औषध दिलं. हे फॅलन रुग्णांच्या बाजूचे मानले जातात, लाइमच्या मानसिक परिणामांवर आयुष्य घालवलेले. बाराव्या आठवड्याला आकलनात सुधारणा दिसली, चोविसाव्या आठवड्याला ती टिकली नव्हती. त्यांनी ते तसंच छापलं. याला मी प्रामाणिकपणा म्हणतो. 2016 मध्ये नेदरलँड्समध्ये 280 रुग्णांवर पुन्हा तेच, फायदा नाही. उलट शिरेतल्या नळीला संसर्ग होऊन माणसं मेल्याची उदाहरणं आहेत.

आणि तरीही वर्षानुवर्षं महागडी प्रतिजैविकं देणारे दवाखाने अमेरिकेत चालतात. का चालतात? कारण मोठ्या इस्पितळात दहा मिनिटांत ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ ऐकून बाहेर पडलेल्या माणसाला तिथे कोणीतरी तासभर बसून ऐकतं. दोष फक्त ऐकून पैसे घेणाऱ्याचा आहे का? न ऐकणाऱ्याने त्याला गिऱ्हाईक पाठवलं नाही का? त्या तासभराच्या ऐकण्याची किंमत म्हणून रुग्णाने आपली शीर पुढे करावी, ही वेळ त्याच्यावर आपण आणली.

माझं म्हणणं एवढंच आहे: रुग्णाच्या तक्रारीवर विश्वास ठेवा, तिच्या कारणावर मात्र संशय घ्या, त्याने सांगितलेल्या आणि आपण सुचवलेल्या, दोन्ही कारणांवर. तक्रार खरी मानली म्हणजे जंतू जिवंत आहे असं ठरत नाही. जंतू मेला म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही. नैराश्यावर उपचार सुचवले तर ‘म्हणजे मी वेडा का?’ असं विचारणाऱ्या रुग्णाला मी सांगतो, हृदयाच्या झटक्यानंतरही नैराश्य येतं, तेव्हा आम्ही हृदय खोटं होतं असं म्हणत नाही. झोप सुधारणं, वेदना आटोक्यात आणणं, कामाचा बोजा हळूहळू वाढवणं, नैराश्याचं औषध, समुपदेशन: यात चमत्कार नाही. पण यानेच माणसं उठतात, हे पाहिलेलं आहे.

आता आपल्याकडे या. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि पाठोपाठ माणसं तापली. पुण्याच्या विषाणू संस्थेने विषाणू शोधला. वाहक पुन्हा गोचीडच. अनेक दशकं हा रोग कर्नाटकात राहिला; मग 2015 च्या सुमारास गोव्यातल्या सत्तरीत, 2016 पासून सिंधुदुर्गात, दोडामार्गला, बांद्याला आला. आपली माणसं त्याला माकडताप म्हणतात. काजूचा हंगाम आणि या तापाचा हंगाम एकच, जानेवारी ते मे. बागेत पालापाचोळ्यात बसून काजू गोळा करणाऱ्या बायकांना तो जास्त गाठतो. आणि याची खोड बघा: ताप येतो, उतरतो, आठवडा-दोन आठवडे माणूस बरा वाटतो, आणि काही जणांत दुसरी लाट येते. या वेळी डोक्यात. मान ताठ, हातपाय थरथरणारे, बरळणं, नजरेचे त्रास. पहिल्या लाटेनंतर इस्पितळातून घरी पाठवलेला माणूस घरातच बरळू लागला, तर त्या घरात आधी कोणाला बोलावतील? डॉक्टरला की देवऋष्याला?

विदर्भात 2018 मध्ये नागपूरच्या आसपास स्क्रब टायफसने धुमाकूळ घातला. गवतातल्या सूक्ष्म किड्याच्या चाव्यातून येणारा, अंगावर काळी खपली ठेवणारा, मेंदूपर्यंत पोचू शकणारा. औषध तेच डॉक्सिसायक्लिन, स्वस्तातलं. चिकुनगुनियाने तर आपल्या हैदराबादेत किती जणांचे सांधे महिनोन्‌महिने धरले, ते तुम्हीच मला सांगाल. आणि त्यातल्या किती जणांना ‘आता काय, सवयीने दुखतंय’ असं ऐकावं लागलं?

डेन्मार्कसारखी नोंदवही आपल्याकडे नाही. ताप आला, नमुना गेला, अहवाल आला, माणूस सुटला, फाइल बंद. मृत्यू मोजले जातात. जे जगले त्यांना सहा महिन्यांनी काम जमतं का, झोप लागते का, जगावंसं वाटतं का, हे विचारायला कोणी जात नाही. डेन्मार्कची नोंदवही आणायला पन्नास वर्षं लागतील. पण सिंधुदुर्गात हंगामात आशाताई घरोघरी जातात, अंगाला लावायचं तेल देतात, ताप आहे का विचारतात. गेल्या हंगामात ज्यांना माकडताप झाला त्यांची यादी प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. त्या यादीतल्या घरी त्याच फेरीत आणखी चार प्रश्न विचारता येतील: झोप कशी आहे, विसरायला होतं का, पूर्वीएवढं काम होतं का, जीव नकोसा वाटतो का. चौथा प्रश्न विचारल्याने कोणाच्या मनात नसलेला विचार येत नाही, हे आता पुरेसं सिद्ध आहे. विचारायला हरकत नाही.

माझ्यासमोर एक चिठ्ठी येऊन पडली आहे. न्यू जर्सीला निघालेल्या आजींची दिसते, त्यांनी विचारलंय की नातवाला अंगणात खेळू द्यावं की नाही. जरूर खेळू द्या. लांब पायमोजे घाला, त्यात पँट खोचा, आणि संध्याकाळी आंघोळीच्या वेळी त्याच्या कानामागे, काखेत, गुडघ्यामागे नीट बघा. तुमच्याही.